सिसिली बघताना सांधे बघा

प्रश्न: आम्ही चौघं (मी, बायको आणि माझे पासष्टीच्या पुढचे आई-बाबा) ऑक्टोबरमध्ये दहा दिवस सिसिलीला जायचं ठरवतोय. इतिहासाची आवड सगळ्यांना आहे, अभ्यास कुणाचाच नाही. बघायच्या जागांची यादी केली तर पंचवीसच्या वर गेली. ग्रीक देवळं, मग चर्च, पुन्हा देवळं, पुन्हा चर्च. सगळं एकसारखं वाटायला लागेल का? काय ठेवावं, काय सोडावं?

उत्तर:

यादीप्रमाणे गेलात तर एकसारखं वाटेल. सिसिली हे भूमध्य समुद्रातलं सगळ्यात मोठं बेट, पंचवीस हजार चौरस किलोमीटरहून थोडं जास्त. फिनिशियन, ग्रीक, कार्थेजवाले (उत्तर आफ्रिकेतलं बलाढ्य शहर), रोमन, बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन साम्राज्य), अरब, नॉर्मन, स्पॅनिश असे लोक इथं एकामागून एक आले. त्यांच्या खुणा बेटभर इतक्या विखुरल्या आहेत की माणूस नुसती मोजदाद करत सुटतो. माहितीपत्रकं सोयीसाठी ‘ग्रीक सिसिली’, ‘अरब-नॉर्मन सिसिली’, ‘बरोक सिसिली’ (बरोक म्हणजे भपकेबाज, नक्षीदार बांधणीची शैली) असे कप्पे पाडतात, आणि त्या कप्प्यांनी फिरणारा माणूस चौथ्या देवळापाशी कंटाळतो.

वारसास्थळं दाखवायला लोकांना घेऊन मी या बेटावर बरीच वर्षं जाते आहे. माझा आग्रह एकच असतो: सांधे बघा. एका काळाचा खांब दुसऱ्या काळाच्या भिंतीत जिथे अडकलाय ती जागा शोधा. सिसिलीत जे उभं आहे त्यातलं पुष्कळसं पुढच्या लोकांनी ते कामाला लावलं म्हणून उभं आहे. वापरात राहिलेल्या देवळाचं छप्पर कुणीतरी शाकारलं. ओसाड पडलेल्या देवळाचे दगड बंदराला आणि तटबंदीला गेले. हे डोळ्यांना एकदा कळलं की प्रत्येक जागा वेगळी दिसते, आणि काय सोडायचं तेही आपोआप ठरतं.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की विमानाने कातानियाला उतरा आणि परतताना पालेर्मोहून निघा. दहा दिवस म्हणजे नऊ रात्री. तीन सिराकुझात, एक पियात्सा आर्मेरिनाजवळ, एक अग्रिजेंतोत आणि उरलेल्या चार पालेर्मोत. आई-बाबांना रोज सामान बांधायला लावू नका.

सुरुवात सिराकुझापासून करण्याचं कारण तिथलं कॅथेड्रल, म्हणजे दुओमो. सिराकुझाचं जुनं शहर ऑर्टिजा नावाच्या चिमुकल्या बेटावर आहे. ते पुलांनी मुख्य भूमीला जोडलेलं आहे आणि बरंचसं सपाट आहे, त्यामुळे गुडघ्यांनाही सोयीचं. चौकात उभं राहिलं की समोर १८व्या शतकातला भपकेबाज बरोक दर्शनी भाग दिसतो. तो आंद्रेआ पाल्मा या वास्तुविशारदाचा. १६९३च्या भूकंपात आधीचा ढासळला म्हणून नव्याने बांधलेला. पण तिथून लगेच आत शिरू नका. आधी डावीकडच्या गल्लीत वळा. चर्चच्या बाजूच्या भिंतीत जाडजूड डोरिक खांब (ग्रीकांची सगळ्यात साधी घडण) चिणलेले दिसतील. त्यांच्यावर उभ्या पन्हळी आहेत, वर मूळचे गोल माथे आहेत. हे अथीना देवीचं देऊळ. इ.स.पू. ४८०मध्ये हिमेराच्या लढाईत सिराकुझाचा सत्ताधीश गेलोन याने कार्थेजचा पराभव केला, त्यानंतर ते उभं राहिलं.

आता आत जा आणि बांधणाऱ्यांची युक्ती बघा. ग्रीक देवळात मधोमध गाभाऱ्याची बंद खोली असते आणि तिच्याभोवती मोकळ्या खांबांची रांग. चर्चला नेमकं उलटं हवं असतं: मधे माणसांसाठी मोकळी जागा आणि बाहेरून बंद भिंत. म्हणून ७व्या शतकाच्या सुमारास इथल्या लोकांनी बाहेरच्या खांबांमधल्या जागा दगडांनी भरून टाकल्या आणि गाभाऱ्याच्या भिंतींत ओळीने कमानी कोरून काढल्या. फारसं न पाडता देऊळ आतून बाहेर उलटवलं! कडेच्या भागात उभं राहून एका बाजूच्या खांबाला आणि दुसऱ्या बाजूच्या कमानीच्या कापलेल्या दगडाला हात लावून बघा. या जागेवर अडीच हजार वर्षं लोक प्रार्थनेला येत आहेत. रोमन वक्ता सिसेरोने इ.स.पू. ७०मध्ये वेर्रेस या भ्रष्ट रोमन सुभेदारावर खटला चालवला, तेव्हा याच देवळाची सोन्या-हस्तिदंताची दारं आणि भिंतींवरची चित्रं त्याने कशी लुबाडली याचं सविस्तर वर्णन केलं होतं. दारं गेली, चित्रं गेली, खांब राहिले. इथे सकाळी लवकर किंवा दुपारी उशिरा या आणि निदान एक तास काढा.

सिराकुझातली दुसरी जागा म्हणजे नेआपोलिसचं पुरातत्त्व उद्यान. इथं ग्रीक नाट्यगृह आणि दगडाच्या खाणी शेजारी शेजारी आहेत. त्या एकत्रच बघायला हव्यात, कारण त्यांची गोष्ट एकच आहे. इ.स.पू. ४१५मध्ये अथेन्सने सिसिलीवर प्रचंड आरमार पाठवलं. दोन वर्षांत त्या मोहिमेची धूळधाण झाली आणि सात हजारांवर कैदी अशाच खाणींत डांबले गेले. इतिहासकार थ्युसिडायडीसने लिहून ठेवलंय की आठ महिने त्यांना रोज माणशी एक कोटिली पाणी मिळायचं, म्हणजे साधारण पाव लिटर, आणि त्याच्या दुप्पट मापाचं धान्य. वर उघडं आभाळ, दिवसा ऊन, रात्री थंडी, आणि मेलेले तिथंच पडलेले. ग्रीक चरित्रकार प्लूटार्क याला जोडून सांगतो की ज्या कैद्यांना अथेन्सच्या युरिपिडीसच्या नाटकांतले उतारे तोंडपाठ होते, त्यांतल्या काहींना सिराकुझाच्या लोकांनी त्याबदल्यात अन्नपाणी दिलं, काहींना सोडूनही दिलं. शत्रूच्या कवीची ओढ असलेलं हे शहर. त्याच नाट्यगृहात १९१४पासून ग्रीक नाटकांचे प्रयोग पुन्हा सुरू झाले आणि आजही उन्हाळ्याच्या सुरुवातीला होतात. त्या हंगामात दगडी पायऱ्यांवर लाकडी फळ्या अंथरलेल्या असतात आणि मूळ दगड फार दिसत नाही. तुम्ही ऑक्टोबरमध्ये जाताय, म्हणजे तो उघडा मिळेल.

खाणीतली ‘डायोनिशियसचा कान’ (डायोनिशियस हा सिराकुझाचा जुना हुकूमशहा) नावाची उंच, वळणदार गुहा बघायला गर्दी असते. ते नाव चित्रकार काराव्हाज्जोने १६०८मध्ये दिलं असं सांगतात. गुहा बघाच, पण गर्दी ओसरेपर्यंत शेजारच्या लिंबू-संत्र्यांच्या सावलीत थांबा. तासन्‌तास कैद्यांनी दगड फोडलेल्या खाणीत आज इतकी हिरवी बाग आहे की आई-बाबांना तिथून उठवणं अवघड जाईल.

ऑर्टिजाच्या ज्यूदेक्का भागात जमिनीखाली खूप खोल एक ज्यू स्नानकुंड सापडलं आहे. एका जुन्या घराच्या दुरुस्तीत ते उजेडात आलं. सिसिली स्पेनच्या राजाच्या ताब्यात होती, त्यामुळे १४९२चा ज्यूंच्या हकालपट्टीचा हुकूम इथंही लागू झाला आणि शतकानुशतकं राहिलेली माणसं बेट सोडून गेली. पायऱ्या पुष्कळ आणि ओलसर आहेत, आई-बाबांना वर बसवून तुम्ही दोघं उतरा. पाओलो ओर्सी पुरातत्त्व संग्रहालय फार मोठं आहे. अर्धा दिवस हाताशी असेल तरच जा.

तिसऱ्या दिवशी नोतो. याच्याबद्दल लांबण लावत नाही, कारण ते शहर स्वतःच सगळं उघडून दाखवतं. ११ जानेवारी १६९३च्या भूकंपाने आग्नेय सिसिली जमीनदोस्त केली, साठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर आठ शहरं बरोक शैलीत पुन्हा उभी राहिली. २००२पासून ती युनेस्कोच्या यादीत आहेत. नोतोचं वैशिष्ट्य असं की जुनी जागा सोडून ते दुसरीकडेच नव्याने वसवलं गेलं. कॅथेड्रलमध्ये गेलात तर घुमटाखालच्या जाड खांबांकडे लक्ष द्या. १९९०च्या भूकंपाने ते आतून खिळखिळे झाले होते. बाहेरून घडीव दगड आणि आत कच्चा भराव. १३ मार्च १९९६ला घुमट आणि छताचा मोठा भाग कोसळला. चर्च रिकामं होतं म्हणून अनर्थ टळला. २००७मध्ये ते पुन्हा उघडलं, आणि या वेळी खांब आतूनही पक्के बांधले. आठही शहरं करायच्या मोहात पडू नका. वेळ उरला तर शिक्ली किंवा रागूझा इब्ला यांपैकी एक निवडा. शिक्लीत चढ कमी, रागूझात देखावा जास्त.

ताओर्मिना सोडा. मला कल्पना आहे, घरातले विचारतील की ताओर्मिना कसं नाही. तिथल्या नाट्यगृहातून दिसणारा एटना ज्वालामुखी सुंदरच आहे, पण तुमच्या मोजक्या दिवसांत त्या गर्दीला एक दिवस देणं मला पटत नाही.

सिराकुझाहून पश्चिमेला निघाल्यावर बेटाच्या पोटात पियात्सा आर्मेरिना लागतं, आणि त्याच्याजवळ रोमन हवेली, व्हिला रोमाना देल कझाले. ४थ्या शतकातली ही श्रीमंताची हवेली. सुमारे साडेतीन हजार चौरस मीटर फरशी रंगीत दगडांच्या मोझाइकने भरलेली. इथे वर सांगितलेला नियम उलटा चालतो: ही हवेली गाडली गेली म्हणून वाचली. १२व्या शतकात डोंगरावरून आलेल्या चिखल-मातीने ती झाकली आणि फरश्या कुणाच्या हाती लागल्या नाहीत. मोठं उत्खनन १९५०च्या दशकात झालं.

लोक धावतात ते दोन तुकड्यांची वस्त्रं घालून व्यायाम करणाऱ्या मुलींच्या खोलीकडे. तुम्ही आधी ‘मोठ्या शिकारी’च्या लांबच लांब ओसरीत थांबा. साठ मीटरहून लांब चित्र आहे. रोमच्या आखाड्यांसाठी जगभरातून जनावरं पकडून जहाजांवर चढवली जातायत. हत्तीला फळीवरून चढवतायत, शहामृगं उचलून नेतायत. एका जागी घोडेस्वार वाघिणीचं पिल्लू पळवतोय आणि मागे लागलेल्या वाघिणीपुढे त्याने काचेचा गोळा टाकलाय. त्यात स्वतःचंच प्रतिबिंब बघून ती थबकते, तिला वाटतं हेच पिल्लू. ओसरीच्या दक्षिण टोकाला हातात हस्तिदंत घेतलेली सावळी स्त्री बसली आहे, एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला वाघ. ही कोण यावर अभ्यासकांत वाद आहे. कुणी आफ्रिका म्हणतं, कुणी अरबस्तान, आणि बरेच जण भारत म्हणतात. आफ्रिकेत वाघ नाही, म्हणून माझं मत भारताच्या बाजूने आहे. ज्या हवेलीच्या मालकाचं नावही पक्कं ठाऊक नाही, त्याने आपल्या जगाचं शेवटचं टोक म्हणून आपल्याकडचा देश फरशीवर काढून घेतला असेल, या विचाराने मला दर वेळी तिथून हलवत नाही.

मुक्कामाच्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी आइदोने गावातलं छोटं संग्रहालय बघा. तुमच्या यादीत ते नव्हतं. जवळच्या मोर्गान्तिना या प्राचीन शहरातून चोरट्यांनी काढून नेलेली देवीची मूर्ती इथं आहे. माणसाहून उंच, अंग चुनखडीच्या दगडाचं, चेहरा आणि हात-पाय संगमरवराचे. अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाने १९८८मध्ये ती एक कोटी ऐंशी लाख डॉलरला विकत घेतली होती. इटलीच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २०११मध्ये ती परत आली आणि रोमला न ठेवता या आडगावात आणली गेली. ती अफ्रोडायटी की पर्सेफोनी की डिमीटर, हे अजून ठरलेलं नाही. पर्सेफोनीला पाताळाच्या राजाने पळवलं ते पेर्गूझाचं तळं इथून जवळच आहे, त्यामुळे गावकऱ्यांचा कल कुठे असेल ते ओळखता येईल. ज्या देशातून मूर्ती चोरीला जातात त्या देशातल्या माणसाने हे संग्रहालय चुकवू नये, असं मी प्रत्येकाला सांगते.

पुढे अग्रिजेंतो. इथल्या ‘देवळांच्या खोऱ्या’ला खोरं म्हणतात, प्रत्यक्षात ती टेकडीची कड आहे. वरच्या बाजूच्या, हेरा देवळाजवळच्या दारातून आत जा आणि उताराने खाली या. उलटं गेलात तर उन्हात चढ लागेल. दुपारी तीननंतर सुरुवात करा, म्हणजे सूर्यास्ताला मधल्या देवळापाशी पोचाल.

मधलं देऊळ म्हणजे कॉन्कॉर्डियाचं. इ.स.पू. ४३०च्या आसपासचं, चौतीसही खांब उभे. हे नाव शेजारी सापडलेल्या एका लॅटिन शिलालेखावरून १६व्या शतकात चिकटलं. देऊळ मुळात कुठल्या देवतेचं ते कळत नाही. ते इतकं धड का राहिलं, याचं उत्तर सिराकुझात बघून आलेले तुम्ही चटकन देऊ शकाल. ६व्या शतकाच्या शेवटी त्याचं चर्च झालं. गाभाऱ्याच्या भिंतींत त्या वेळी कोरलेल्या कमानी अजून दिसतात. १८व्या शतकात चर्चची भर काढून त्याला पुन्हा ग्रीक रूप दिलं, पण कमानी बुजवल्या नाहीत. सिराकुझात चर्चच्या आत देऊळ दिसतं, इथं देवळाच्या आत चर्चचा ठसा दिसतो. दोन्ही ठिकाणं पाठोपाठ बघितली तरच ही गंमत कळते.

याच्या अगदी उलट नशीब झ्यूसच्या देवळाचं. ग्रीक जगातल्या सगळ्यात मोठ्या डोरिक देवळांपैकी ते एक, इ.स.पू. ४०६मध्ये कार्थेजने शहर लुटलं तेव्हाही अपुरंच होतं. त्याचं चर्च झालं नाही, मशीद झाली नाही. भूकंपांनी पाडलं, आणि १८व्या शतकात त्याचे दगड जवळच्या पोर्तो एम्पेदोक्लेच्या धक्क्यासाठी वाहून नेले. आज तिथं दगडांचा ढीग आहे आणि छत पेलणाऱ्या महाकाय पुरुषाची आडवी प्रतिकृती. मूळ पुतळा शेजारच्या संग्रहालयात उभा केलाय, साडेसात मीटरहून उंच. तो बघाच. बरेच लोक देवळं करून थकतात आणि संग्रहालय टाळतात. त्यापेक्षा ते सकाळी करा, मधे जेवण आणि झोप, मग संध्याकाळी देवळं. खालच्या टोकाला कोलिम्बेत्रा नावाची बाग आहे, लिंबू, संत्री, बदाम, ऑलिव्ह. तिथं पाटाचं पाणी अरब काळापासून चालत आलेल्या पद्धतीने फिरवतात. बाबांना शेतीची आवड असेल तर त्यांना तिथं सोडा.

आता पालेर्मो. इथे घाई केलीत तर बाकी सहल फुकट गेली असं मी म्हणेन.

थोडी पार्श्वभूमी लागते. अरब सैन्य ८२७मध्ये माझाराला उतरलं, ८३१मध्ये पालेर्मो घेतलं. दीडशे वर्षांनी आलेला प्रवासी इब्न हौकल इथल्या शेकडो मशिदींबद्दल लिहितो. मग उत्तर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन सरदारांनी १०७२मध्ये शहर जिंकलं. संख्येने ते मूठभर होते. कारभार चालवायला अरब कारकून, ग्रीक दर्यासारंग, लॅटिन पाद्री सगळेच हवे होते. ११३०च्या नाताळात रॉजर दुसरा राजा झाला आणि या गरजेतून एक विलक्षण दरबार तयार झाला. भूगोलतज्ज्ञ अल-इद्रिसीने जगाच्या वर्णनाचा मोठा अरबी ग्रंथ ११५४मध्ये याच राजासाठी पूर्ण केला.

राजवाड्यातली कापेला पालातिना ही त्या दरबाराची खासगी प्रार्थनागृहाची खोली. आत गेल्यावर सोन्याच्या मोझाइककडे मान वळतेच. ते काम बायझंटाइन परंपरेतलं, घुमटात ग्रीक अक्षरं. खालची फरशी आणि भिंतींचा संगमरवरही बघा. पण तुमचा मुख्य वेळ मधल्या भागाच्या लाकडी छताला द्या. मधमाश्यांच्या पोळ्यासारखं कोरीव, लटकतं छत आहे. मुस्लिम कारागिरांच्या परंपरेतलं, कूफी या जुन्या अरबी लिपीतल्या आशीर्वचनांनी भरलेलं, आणि त्यावर छोटी छोटी चित्रं: वीणेसारखी वाद्यं वाजवणारे, नाचणाऱ्या, पेले उंचावलेले लोक, उंट. बुद्धिबळ खेळणारे दोन जणही आहेत. या खेळाच्या सगळ्यात जुन्या चित्रांपैकी ते एक. भारतात जन्मलेला खेळ इराणातून अरबांकडे आणि अरबांकडून इथं, ख्रिस्ती राजाच्या देवघराच्या छतावर. साध्या डोळ्यांना हे काहीही दिसत नाही, म्हणून छोटी दुर्बीण नक्की न्या. आईंना खुर्चीत बसून वर बघता येईल, मान अवघडणार नाही. बाहेर पडताना जवळच्या भिंतीवर एक शिलालेख आहे. ११४२मध्ये राजाने पाण्यावर चालणारं घड्याळ बसवलं त्याची नोंद, लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशी तीनदा कोरलेली.

हा राजवाडा आज सिसिलीच्या विधिमंडळाचंही घर आहे. कामकाजाच्या दिवशी काही दालनं बंद असतात आणि रविवारी प्रार्थनेमुळे वेळा बदलतात. तिकीट आधी काढा, शक्यतो सकाळचं.

त्यानंतर मार्तोराना. रॉजरचा आरमारप्रमुख अंत्युखचा जॉर्ज याने ११४०च्या दशकात बांधलेलं हे चर्च. इथल्या मोझाइकमध्ये खुद्द येशू रॉजरच्या डोक्यावर मुकुट ठेवतोय. राजाचा पोशाख बायझंटाइन सम्राटाचा, नाव ग्रीक अक्षरांत, पण राजा हा शब्द लॅटिनमधला. अरब प्रवासी इब्न जुबैर मेसिनाच्या सामुद्रधुनीत जहाज फुटल्यावर वाचला आणि ११८४च्या नाताळात पालेर्मोत होता. हे चर्च बघून तो थक्क झाला, आणि शहरातल्या ख्रिस्ती बायका मुस्लिम बायकांसारख्या नटूनथटून, बुरखे घेऊन निघाल्या होत्या असंही त्याने नोंदवलं. शेजारीच लाल घुमट्यांचं सान कातालदो चर्च आहे. दोन्ही मिळून दीड तास.

आणि एक जागा, जिथे फार थोडे लोक जातात. झीझा. शहराच्या पश्चिमेला, अरब पद्धतीने बांधलेला राजांचा उन्हाळी महाल. वारा आत ओढून घेणारी रचना आणि दिवाणखान्यातून वाहणारं पाणी. तिथल्या संग्रहालयात एक लहानसा दगड आहे. ग्रिझान्तो नावाच्या पाद्र्याने आपली आई ॲना हिच्या स्मृतीसाठी ११४९मध्ये तो घडवला. मधोमध क्रूस आणि चार बाजूंना चार मजकूर: लॅटिन, ग्रीक, अरबी, आणि हिब्रू अक्षरांत लिहिलेली अरबी. प्रत्येक मजकुरात तारीख त्या त्या समाजाच्या कालगणनेने दिलेली. आई गेली हे शहरातल्या प्रत्येकाला आपापल्या लिपीत वाचता यावं अशी त्या मुलाची इच्छा असावी. सिसिलीत एकच वस्तू बघायला सांगितली तर मी हा दगड सांगेन.

मात्र ‘सगळे धर्म गुण्यागोविंदाने नांदत होते’ असं तिथले मार्गदर्शक सांगतात, ते जसंच्या तसं घेऊ नका. रॉजरच्या मृत्यूनंतर मुस्लिमांविरुद्ध दंगली झाल्या. त्याचा नातू फ्रेडरिक दुसरा स्वतः अरबी जाणणारा होता, पण १२२०च्या दशकापासून त्याने सिसिलीतले उरलेले मुस्लिम इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेराला हलवले. ॲनाच्या दगडावरच्या चार लिपींपैकी पुढच्या साडेतीनशे वर्षांत दोन वाचणारे समाज बेटावर उरले नाहीत. हे माहीत असलं की त्या दगडाचं मोल कमी होत नाही, वाढतं.

मोनरेआले पालेर्मोपासून जवळ, टेकडीवर. विल्यम दुसरा याने ११७४च्या सुमारास सुरू केलेलं कॅथेड्रल, सहा हजार चौरस मीटरहून जास्त मोझाइक. आत दिपून जायला होतं, पण मला मठाचं आवार अधिक आवडतं. २२८ जोडखांब, आणि माथ्यांवरची कोरीव चित्रं एकमेकांसारखी नाहीत. पालेर्मोच्या कॅथेड्रलमध्ये दक्षिणेच्या ओवरीतला डावीकडचा खांब शोधा, त्यावर कुराणातली ओळ कोरलेली आहे. खांब आधीच्या इमारतीतला, ओळ कुणी खोडली नाही.

एक दिवस सेजेस्ताला द्या. गर्दी कमी, भोवती शेतं, आणि उघड्यावर एक अपुरं देऊळ. खांबांवर पन्हळी कोरलेल्या नाहीत, पायऱ्यांच्या दगडांवर उचलण्यासाठी ठेवलेले गोळे तसेच आहेत. ग्रीक देऊळ बांधायचे टप्पे इथे वाचता येतात. हेच ते सेजेस्ता, ज्याने अथेन्सच्या दूतांना फसवलं. शेजाऱ्यांकडून सोन्या-चांदीची भांडी मागून आणली आणि प्रत्येक घरच्या मेजवानीत तीच फिरवली. दूतांना वाटलं, केवढं श्रीमंत शहर. त्या भरवशावर आरमार आलं आणि शेवट सिराकुझाच्या खाणीत झाला. वरच्या नाट्यगृहाकडे बस जाते, चढायची गरज नाही. सेलिनुन्ते त्याहून भव्य, पण लांब पडेल. पुन्हा कधी गेलात तर ते आणि कूझाची खाण एकत्र करा. इ.स.पू. ४०९मध्ये शहर पडलं तेव्हा अर्धे कापलेले खांबांचे तुकडे खाणीत जसेच्या तसे राहिले आहेत.

संध्याकाळी आई-बाबांना कठपुतळ्यांचा खेळ दाखवा. ‘ओपेरा देई पूपी’, युनेस्कोने मानलेली कला. चिलखतं घातलेल्या जड बाहुल्या, ऑर्लांडो आणि रिनाल्डो या दंतकथांतल्या वीरांच्या लढाया, खाली पाय आपटून दणदणाट करणारे सूत्रधार. भाषा कळत नाही तरी अडत नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या पाहिलेल्या माणसाला तर पहिल्या मिनिटाला ओळख पटते. मोंते पेल्लेग्रीनो डोंगरावर पालेर्मोची संरक्षक संत रोझालिया हिची गुहा आहे. शहरात स्थायिक झालेले श्रीलंकेचे तमिळ, त्यात हिंदूही, तिथे मोठ्या श्रद्धेने जातात. वेळ असला तर रविवारी जा.

खाण्याचं विचारलं नाहीत, पण शाकाहारी असाल तर: पानेल्ले म्हणजे हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या चकत्या, बाजारात गरम मिळतात. कापोनाता ही भाजी वांग्याची असते, पण कुठेकुठे मासळी घालतात, विचारून घ्या. लोणी घातलेल्या आरान्चीनात (भाताच्या तळलेल्या गोळ्यात) बहुतेक वेळा हॅम असतं, पालकाची मागा.

गाडी घ्यायची असेल तर सिराकुझा ते अग्रिजेंतो एवढ्याच टप्प्यासाठी घ्या आणि आंतरराष्ट्रीय परवाना बरोबर ठेवा. जुन्या शहरांत ठरावीक भागांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरे असतात, दंड महिन्यांनी घरी येतो. अग्रिजेंतो-पालेर्मो रेल्वेने दोन तासांत होतं. चर्च दुपारी तीन-चार तास बंद असतात, खांदे-गुडघे झाकलेले लागतात. महिना तुम्ही योग्य निवडलाय. ११ ऑगस्ट २०२१ला सिराकुझाजवळ ४८.८ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, म्हणून वडीलधाऱ्यांना घेऊन जुलै-ऑगस्टमध्ये जायला मी कायम नाही म्हणते. फक्त ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि उघड्यावरची स्थळं लवकर बंद व्हायला लागतात. त्याच्या आतल्या तारखा धरा, म्हणजे अग्रिजेंतोची संध्याकाळ हातची जाणार नाही.